पडद्यातली ताई

लोक जिथे आपलं तोंड घेऊन येतात तिथे माझा सगळा जन्म गेला, आणि आजवर मी एकही तोंड पाहिलेलं नाही. मित्रांनो, मी फोटोच्या दुकानातली तिपाई आहे. आता जुनी झाले. गिऱ्हाइकं मला स्टूल म्हणतात, म्हणोत बापडी.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने मला मुद्दाम तीनच पाय दिले. "चार पायांना सपाट जमीन लागते. तीन पायांचं कुठेही भागतं," असं तो म्हणाला होता. मधोमध लोखंडाचा आटे पाडलेला दांडा आणि त्यावर गोल बैठक. बैठक एका बाजूला फिरवली की मी उंच होते, दुसऱ्या बाजूला फिरवली की बुटकी. मला पाठ मात्र दिली नाही. तसं फोटोवाल्यानेच सांगितलं होतं. "पाठ दिली की माणूस रेलतो," तो म्हणाला, "रेलला की पोट पुढे येतं, आणि पोट पुढे आलं की गिऱ्हाईक फोटो माझ्या तोंडावर फेकतं." सुतार खूप हसला. मला वाटलं, चला, हसऱ्या घरी पडले.

मला डोळे नाहीत. माणूस बसला की मला कळतो तो त्याच्या बसण्यावरून. दारातून मोठमोठ्याने हुकूम सोडत आलेला साहेब माझ्या अगदी कडेला टेकतो, जणू कोणी उठवेल. आधीचा हमाल बसून गेला म्हणून एखादी बाई मला रुमालाने पुसते आणि मग बसते. एखादा म्हातारा उठताना मला पूर्वीच्या जागी नीट सरकवून ठेवतो. असे फार थोडे. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. "रूपात काय ठेवलंय हो, माणूस मनाने चांगला पाहिजे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते पाठ झालं. आणि दर वेळी त्याच्या पाठोपाठ मी एक आवाज ऐकला आहे. केसांतून कंगवा फिरल्याचा.

पण माझ्यावर सर्वांत जास्त जी बसली, ती गिऱ्हाईक नव्हती. ती फोटोवाल्याची धाकटी बहीण. तो तिला छोटी म्हणायचा, ती त्याला दादा म्हणायची. आईवडील गेल्यावर दोघांनी मिळून हे दुकान चालवलं. पुढच्या खोलीत दादाचा कॅमेरा, दिवे आणि रंगवलेला पडदा. मागच्या खोलीत छोटीचं काम. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक जाड कापडी पडदा होता.

तेव्हा फोटो काचेवर किंवा फिल्मवर उतरायचे. त्याला निगेटिव्ह म्हणत. त्यात सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. तोंडावर देवीचा व्रण असला, डाग असला, तर निगेटिव्हवर तिथे उजळ ठिपका दिसतो. छोटी उतरत्या काचेखाली दिवा लावायची, वर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने तो ठिपका भरून काढायची. कागदावर फोटो छापला की डाग गेलेला. किती सुरकुत्या, किती चट्टे, किती जणांची डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या पोरीने पुसली याला गणती नाही. लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, "कॅमेरा फार चांगला आहे हो तुमचा."

दुकानात धड तिपाई मी एकटीच. म्हणून गिऱ्हाईक आलं की छोटी उठायची, मला पडद्यातून पुढे सरकवायची आणि स्वतः आत उभी राहायची. दादा म्हणायचा, "तू आतच बरी. तुझं काम बारीक, आत उजेड चांगला."

पण तिचं खरं काम उजेडाचं नव्हतंच. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की लाकूड होतो; माझ्यापेक्षा जास्त. दादा "हसा, हसा" म्हणायचा, आणि जो थोडाफार हसत असेल तोही गप्प व्हायचा. मग पडद्याच्या फटीतून आवाज यायचा.

"काका, तुमची डावी मिशी उजवीवर रुसलीय का?"

काका दचकायचे. मग त्यांचं सगळं वजन एकदम सैल होऊन माझ्यावर यायचं आणि पोट हलायला लागायचं. तेवढ्यात कॅमेरा वाजायचा. मुलांना तर तिच्या गोष्टी लागायच्या. रडत आलेलं पोर गोष्टीपायी उठायला तयार नसायचं.

"पडद्यात कोण आहे?"

"पडद्यातली ताई."

"बाहेर ये ना."

"मी बाहेर आले तर पडदा कोण धरणार? पडेल ना तो तुझ्या डोक्यावर!"

पोरं खिदळायची. गावभर बोलबाला झाला की या दुकानात फोटो जिवंत येतात. मीही आपली खुशीत होते. ती बाहेर का येत नाही, हे मी कधी मनाला विचारलं नाही. मला वाटलं, लाजाळू असेल.

मग एकदा एक बाई छत्री विसरून गेल्या आणि परत आल्या. छोटी तेव्हा मला आत घेऊन चालली होती. बाई म्हणाल्या, "अगं बाई!" आणि छत्री घेऊन घाईने पायऱ्या उतरल्या. खाली त्यांची मैत्रीण थांबली होती. "पाहिलंस? अर्ध्या तोंडावर डाग. जन्मतःच असणार. आणि मी आवाज ऐकून समजत होते, कोणी देखणी असेल. बिचारी!"

छोटीच्या हातात मी तशीच अधांतरी होते. तिने मला आत नेऊन ठेवलं, बसली, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली. काढतच राहिली. पेन्सिल संपायला आली.

तेव्हा माझ्या लाकडी डोक्यात उजेड पडला. दुकानाची खिडकी पुढच्या खोलीत होती. आत खिडकीच नव्हती. म्हणून तर काचेखाली दिवा लावावा लागायचा. "आत उजेड चांगला" हे दादाने मायेपोटी रचलं होतं आणि छोटीने मायेपोटीच खरं मानलं होतं. दोघांनाही ठाऊक होतं. माझ्यासारखी लाकडंच तेवढी फसली.

पुढे एका वर्षी लहान मुलांच्या शाळेच्या मोठ्या बाई आख्खा वर्ग घेऊन आल्या. प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो हवा होता. छोटीने पहिल्या मुलाला एका बेडकाची गोष्ट सुरू केली आणि ती संपवलीच नाही. दुसरं मूल बसलं की पुढचा तुकडा, तिसरं बसलं की त्याच्या पुढचा. आपला तुकडा ऐकायला मुलं रांगेत चिडीचूप. एकही रडलं नाही. मोठ्या बाई दादाला म्हणाल्या, "आत कोण आहेत?"

"माझी बहीण."

"अहो, मग आम्हाला आधी सांगायचं नाही का? लहान वर्गाला बाई मिळत नाहीत आम्हाला. येतात त्या नटूनथटून येतात आणि आठवड्याभरात पोरांवर खेकसायला लागतात. आम्ही रूप बघत नाही हो, स्वभाव बघतो. अर्ज करायला सांगा त्यांना." मग त्या पडद्याकडे वळून म्हणाल्या, "बाहेर तरी या, ताई!"

"हात ओले आहेत, बाई," आतून आवाज आला.

हात कोरडे होते. दोन्ही हातांनी तिने पडदा घट्ट धरला होता. त्याची ताणलेली किनार माझ्या पायाला घासत होती.

मित्रांनो, त्या दिवसापासून छोटी दुसरीच झाली. काम करता करता माझ्यावर अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरायची. मुलांच्या गोष्टी पुटपुटायची. "दादा, वर्गात पडदा नसतो ना?" तिने एकदा विचारलं.

"नसतो."

"बरं झालं. मलाही कंटाळा आलाय धरून धरून."

अर्जाला फोटो लागणार होता. म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच छोटी गिऱ्हाइकासारखी माझ्यावर बसली, पुढच्या खोलीत, दिव्यांसमोर. आत ती ऐसपैस बसायची. इथे ती कशी बसावी? त्या साहेबासारखी, कडेला.

"दादा, जशी आहे तशी काढ हं."

"हो गं बाई."

"मान वळव, सावली पाड, असलं काही नको. समोरून काढ. त्यांना आधीच कळू दे, म्हणजे मला तिथे जाऊन दचकवायला नको कुणाला."

"हो म्हटलं ना? आता हस."

ती हसेना. दादाने दोन विनोद केले, दोन्ही तिचेच. पडद्यात आज कोणी नव्हतं. शेवटी तसाच फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली असताना दादा आतल्या खोलीत येऊन माझ्यावर बसला. तिथे तो कधी बसत नसे. त्याचा भार जड आणि अस्वस्थ होता. काचेखालचा दिवा लागला. मग पेन्सिलीचा आवाज सुरू झाला. छोटीची पेन्सिल पाखराने दाणे टिपावेत तशी चालायची. ही पेन्सिल खरडत होती. एकाच जागी, खूप वेळ. मध्येच तो थांबला, नाक ओढलं, आणि पुन्हा खरडायला लागला. रडत होता, मित्रांनो. हे मी त्याच्या बाजूने सांगते आहे, कारण पुढे सांगण्यासारखं त्याच्या बाजूचं फारसं काही नाही.

छोटी परत आली तेव्हा पाकीट चिकटवून झालं होतं.

"बघू तरी कसा आलाय."

"छान आलाय. आता पाकीट फाडू का? टाकून येतो पेटीत."

शाळेचं बोलावणं आलं. लगेच आलं. छोटी माझ्यावर बसून गरकन इतकी फिरली की मी पार बुटकी होऊन बसले. "दादा! फोटो बघूनसुद्धा बोलावलं त्यांनी! बघूनसुद्धा!" ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. दादा म्हणाला, "हं." एवढंच म्हणाला. तेव्हाही सांगता आलं असतं त्याला. तोंडापर्यंत आलं असेल, आणि गिळलं असेल. मी काय, बसल्या माणसाचंच सांगू शकते. तो उभा होता.

शाळेतून ती आली ती सरळ आत आली आणि बसली. दादा पडद्याशी थांबला.

"पाच जण होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. एक जण म्हणाले, ही कोण? मी म्हटलं, मीच. त्यांनी फोटो माझ्याकडे फिरवला. दादा, मी पण विचारलं असतं रे, ही कोण म्हणून."

दादाने उगाच पडदा ओढून नीट केला.

"मोठ्या बाई म्हणाल्या, चेहऱ्याचं आम्हाला काहीच नाही. आम्ही स्वभाव बघतो. पण जी बाई पहिल्याच कागदावर खोटं बोलते, तिच्या स्वभावाबद्दल आम्ही काय समजायचं? बाकीचे लगेच हो हो म्हणाले. सुटल्यासारखे झाले बघ सगळे. कारण हवं होतं त्यांना, ते आपण घरून डबा न्यावा तसं बांधून नेलं."

"छोटे, मी तुझ्या भल्यासाठी..."

"मी सांगितलं होतं तुला."

"अगं, सवयीने हात गेला..."

"सवय? हात माझा आहे, दादा. तू कधी धरलीयस पेन्सिल? आणि केलंस तेही कसं! सगळ्या रेघा एकाच बाजूला. गाल आहे की खरवडलेली भिंत!" ती हसली. मग तिचं हसणं थांबलं. "म्हणजे तुला दिसतो तर."

"काय?"

"डाग. मला वाटायचं, जगात एका तरी माणसाला दिसत नसेल."

पेन्सिली एकेक करून खणात पडल्याचा आवाज आला. शेवटी छोटी म्हणाली, "जा शाळेत. सांग त्यांना, तू केलंस."

दादा गेला, हेही खरं. परत आला तेव्हा तो पुढच्या खोलीत माझ्यावर येऊन बसला, गिऱ्हाइकासारखा. म्हणाला, "सांगितलं सगळं. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही सख्खे भाऊ. तुम्हालाच तिचा चेहरा आहे तसा पाठवावासा वाटला नाही, मग आमच्या पालकांना मी कोणत्या तोंडाने बोलू?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार?"

"काहीही. म्हणायचं, मी चुकलो, तुम्ही चुकू नका. एवढं सुचलं नाही?"

नव्हतं सुचलं. असली वाक्यं नेहमी आत बसलेल्यांनाच सुचतात.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यातली ताई बोलेना. फोटो मेलेले येऊ लागले. लोक तोंड वाकडं करून फोटो न्यायचे आणि म्हणायचे, "कॅमेरा जुना झाला वाटतं." दादाने विनवण्या केल्या. छोटी म्हणाली, "बोलेन. पण आतून नाही. बाहेर उभी राहून बोलेन, कॅमेऱ्याशेजारी. बघ, चालतंय का."

दादा हो म्हणाला.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, आणि थोडे होते. गिऱ्हाईक बसायचं, छोटीला बघायचं आणि त्याचा श्वास अडकायचा; मला बैठकीतून कळायचं. कोणी जमिनीकडे बघायचं, कोणी उगाच हवापाण्याबद्दल जोरजोरात बोलायचं. मग छोटी पहिलं वाक्य टाकायची. मग दुसरं. आणि वजन सैल होऊन माझ्यावर यायचं, पूर्वीसारखंच. दोन वाक्यं, मित्रांनो. माणसाला डाग ओलांडून माणसापर्यंत जायला तेवढाच वेळ लागतो. पण तेवढं थांबावं लागतं.

एके सकाळी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. नेहमीची होती. पडद्यातल्या ताईचं कौतुक चारचौघांत करणारी. मूल माझ्यावर बसलं आणि छोटीने बेडकाची गोष्ट सुरू केली. आई जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "अहो ताई, राग मानू नका हं. तुम्ही पूर्वीसारखं आतून बोला ना. बाळ घाबरतंय."

खोटं. ते मूल माझ्यावर बसलं होतं. घाबरलेलं मूल माझी कड दोन्ही हातांनी आवळून धरतं आणि पाय पोटाशी घेतं, हे मी जन्मभर अनुभवलं आहे. याचे पाय झुलत होते. टाच माझ्या पायावर आपटत होती. ते विचारत होतं, "मग बेडूक कुठे गेला?" घाबरली होती ती आई. मूल उद्या असंच कुणाकडे टक लावून बघेल, चारचौघांत काहीतरी विचारेल, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागेल, याला घाबरली होती.

सगळे दादाकडे बघत असणार. कारण दादा खाकरला.

"छोटे," तो म्हणाला, "जरा..."

"आत जाऊ?"

"एवढा एक फोटो होईपर्यंत."

छोटी मुलापाशी आली. तिने माझी बैठक अलगद त्याच्यासकट थोडी वर फिरवली, म्हणजे त्याचं तोंड कॅमेऱ्यासमोर नीट येईल. कामात ती कधी चुकत नसे. "बेडूक घरी गेला, बाळा," ती म्हणाली, आणि आत गेली.

तो फोटो कसा आला ते मला माहीत नाही. मूल हसलं नाही, एवढं नक्की. हसणारं मूल माझ्यावर कधी इतकं स्थिर बसलेलं नाही.

त्या दुपारी छोटी दुसऱ्या गावी मावशीकडे निघून गेली. जाताना भांडली नाही. "पेन्सिली वरच्या खणात आहेत," एवढं सांगून गेली. परत आली नाही. लोकांनी विचारलं की दादा सांगतो, "बरी आहे तिकडे." बरी असावी. मला खरंच माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

तिचा या दुकानात एकच फोटो आहे. तोच. दादाने तो मोठा करून दर्शनी भागात लावला आहे. येणारे-जाणारे थांबतात. "किती सुंदर! कोण हो?" दादा म्हणतो, "माझी बहीण." पूर्वी हे दोन शब्द तो पुटपुटायचा, आता खणखणीत म्हणतो. निगेटिव्हवरची पेन्सिल पुसता येते, बरं का. कापसाच्या बोळ्याला थोडं टर्पेंटाइन लावलं की जाते. निगेटिव्ह वरच्याच खणात आहे, टर्पेंटाइनची बाटली खालच्या. फोटो मोठा केल्यापासून दादाने ते खण उघडलेले नाहीत.

आता लोक आपापल्या मोबाइलवर आपले डाग आपणच पुसतात. माझ्यावर क्वचित कोणी बसतं. माझे आटे गंजले, बैठक फिरत नाही, एका पायाला चीर गेली आहे. कोपऱ्यात मी रिकाम्या खोक्यांचा ढीग सांभाळते. तेल घाला, रंग द्या, असं मी मागत नाही. माझं झालं गेलं.

मागायचं ते वेगळंच आहे. कधी ना कधी शाळेत तुम्हाला निबंध पडेल : रूप मोठं की स्वभाव मोठा? तुम्ही सगळे "स्वभाव" लिहाल. लिहा, त्यालाच गुण मिळतात. पण वही मिटल्यावर आपल्या घरात जरा बघा. पाहुणे आले की "तू आतच बरी" असं कुणाला सांगतात? कुणाला आत उजेड चांगला असतो? जो कोणी असेल, त्याला हात धरून पुढच्या खोलीत आणा. बसायला द्या. आणि पाहुण्यांपैकी कोणी खाकरलं, तर मित्रांनो, तुम्ही त्याच्या शेजारीच बसून राहा. उठू नका.